आग्वादचा वीकेंड

गोव्यातला सगळ्यात महागडा वीकेंड कुणी घालवला असेल तर तो १९८३ च्या नोव्हेंबरात. दिल्लीत राष्ट्रकुलातल्या देशांच्या प्रमुखांची परिषद भरली होती. मधले दोन दिवस विश्रांतीसाठी, म्हणजे खरं तर बंद दाराआड मोकळेपणी बोलण्यासाठी, या मंडळींना गोव्याला नेण्यात आलं. मार्गारेट थॅचर, कॅनडाचे पिअर ट्रुडो, ऑस्ट्रेलियाचे बॉब हॉक आणि यजमान इंदिरा गांधी. सिकेरीच्या टेकडीवर त्यांच्यासाठी खास बंगले बांधले गेले. शीतयुद्ध आणि अण्वस्त्रं यांवर तिथून एक निवेदनही निघालं, त्याला 'गोवा जाहीरनामा' म्हणतात. तो आज कुणाला आठवत नाही. बंगले मात्र आठवतात, कारण ते पुढे हॉटेलचा भाग झाले आणि पैसे मोजले की आपल्यालाही तिथे राहता येतं.

आम्ही बंगल्यात नाही, खालच्या मुख्य हॉटेलात राहिलो :-) ताज फोर्ट आग्वाद. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार दुपार. धाकट्या भावाने आईच्या वाढदिवसासाठी घाट घातला होता. नात्यातल्या मंडळींनी फोटो पाहिलेच आहेत, त्यामुळे न्याहारीच्या बुफेत किती प्रकार होते वगैरे लिहीत बसत नाही. पोहण्याचा तलाव उत्तम, माडांची सावली उत्तम, खोलीतून समुद्र दिसतो. खोटं कशाला बोलू, मजा आली.

पण माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे. जिथे जाईन तिथे भिंतीला हात लावून 'ही कधीची?' असं विचारायचं. आणि इथे तर भिंती साक्षात किल्ल्याच्या! पोर्तुगीजांनी १६०९ ला काम काढलं आणि १६१२ ला किल्ला उभा राहिला. भीती होती डचांची. मांडवीच्या मुखावर तोफा असल्याशिवाय गोव्याचं बंदर सुरक्षित नव्हतं. पण नाव तोफांवरून नाही पडलं, पाण्यावरून पडलं. पोर्तुगीज भाषेत 'आग्वा' म्हणजे पाणी आणि 'आग्वाद' म्हणजे जहाजांनी पाणी भरून घ्यायची जागा. डोंगरातले गोड्या पाण्याचे झरे हीच इथली खरी दौलत. वरच्या किल्ल्यात पाण्याचं एक प्रचंड टाकं आहे, त्यात २३ लाख गॅलनांहून अधिक पाणी मावतं म्हणतात. लांबच्या प्रवासाची जहाजं इथे पिंपं भरून घेत. शेजारी दीपगृह आहे, ते बरंच नंतरचं, १८६४ चं.

किल्ल्याचा विस्तार असा की वरचा भाग डोंगरमाथ्यावर, आणि तटबंदी उतरत उतरत थेट समुद्रापर्यंत. हॉटेल १९७४ साली बांधलं ते या खालच्या भागात. लाटा अंगावर घेणारा तो गोल बुरूज तुम्ही सिनेमांत नक्की पाहिला असेल. तो हॉटेलला अगदी चिकटून आहे, पण तिथे कुणीही जाऊ शकतं. संध्याकाळी अलीकडे हॉटेलातले पाहुणे, पलीकडे बसने आलेली सहल, आणि दोघांच्या मोबाइलमध्ये तोच सूर्यास्त.

आपल्या शाळेच्या इतिहासात १७३९ म्हटलं की चिमाजी अप्पा आणि वसई. त्याच साली गोव्यातही धुमश्चक्री चालू होती. वाडीकर भोसल्यांच्या फौजा बार्देशात घुसल्या आणि बघता बघता सगळा बार्देश गेला. राहिले दोनच किल्ले, रेइश मागुश आणि आग्वाद. वसई पडली, आग्वाद पडला नाही. पडला असता तर आज मी कुठल्या भाषेतला मेनू वाचत असतो, असले निरर्थक विचार तलावाकाठी पडल्या पडल्या सुचतात. असो.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. या किल्ल्याला आणखी एक अंग आहे. डोंगराच्या पलीकडच्या बाजूला, मांडवीच्या मुखाशी, तुरुंग. सालाझारच्या राजवटीत गोव्याचे किती स्वातंत्र्यसैनिक तिथे सडले, त्याची गणती आपल्याकडे फारशी कुणी ठेवली नाही. त्रिस्ताँव ब्रागांझ कुन्हा यांना १९४६ साली पकडून लष्करी न्यायालयापुढे उभं केलं, आठ वर्षांची शिक्षा ठोठावली आणि पोर्तुगालच्या पेनिश किल्ल्यात धाडलं. १९५५ च्या सत्याग्रहात ना. ग. गोरे, शिरुभाऊ लिमये, मधु लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदिब चौधरी ही मंडळी आत गेली. समाजवादी, जनसंघवाले, क्रांतिकारी समाजवादी, सगळे एका आवारात. शिक्षा दहा-दहा वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या. पण १९५७ च्या सुरुवातीला सुटका झाली. मोहन रानड्यांचं नशीब तेवढं चांगलं नव्हतं. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि १९६० साली लिस्बनला नेलं. गोवा १९६१ ला स्वतंत्र झाला, तरी हा माणूस तिकडच्या काशियसच्या तुरुंगातच. सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी समिती काढून जिवाचं रान केलं, अण्णादुरैंनी पोपपाशी शब्द टाकला, तेव्हा कुठे जानेवारी १९६९ मध्ये ते बाहेर आले.

मुक्तीच्या लढाईतही आग्वादने किंमत घेतली. कैद्यांना सोडवायला निघालेल्या तुकडीतले ७ कॅव्हलरीचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सहगल इथे मारले गेले. अवघ्या छत्तीस तासांचं युद्ध आपण 'सहज झालं' म्हणून मोकळे होतो, त्यात हे दोघे आठवत नाहीत.

आमच्या घरात हा विषय पुस्तकातून आलेला नाही. आईचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात बांद्याकडून गेले होते. आई तेव्हा दोन वर्षांची. त्या दिवशी सरहद्दीवर वेगवेगळ्या ठिकाणी वीसहून जास्त सत्याग्रही गोळ्यांना बळी पडले. आजोबांच्या तुकडीला लाठ्या पडल्या आणि पोलिसांनी सगळ्यांना हद्दीबाहेर आणून टाकलं. डाव्या कानाने त्यांना पुढे जन्मभर कमी ऐकू यायचं. विचारलं तर एवढंच म्हणायचे, "गोरे आत गेले, आम्ही परत आलो." हे अभिमानाने की खंतीने, ते आम्हाला कधी कळलं नाही. गोवा मुक्त झाल्यावरही ते तिकडे गेले नाहीत. मंगेशीला आजी एकटी जाऊन आली.

मुक्तीनंतर तुरुंग बंद पडला असेल असं वाटतं ना? नाही. साधे गुन्हेगार आणि कच्चे कैदी तिथे २०१५ पर्यंत होते. मग कोलवाळला नवं कारागृह झालं. म्हणजे १९७४ पासून चाळीस वर्षं एकाच डोंगराच्या एका अंगाला आरामखुर्च्या आणि दुसऱ्या अंगाला गजाच्या खोल्या. थॅचरबाई इथे आल्या त्या वीकेंडलाही आत कैदी होतेच.

आणखी एक गंमत. नोव्हेंबर १९८१ मध्ये इंदिरा गांधींनी किनारपट्टीच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिलं होतं, की भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंत किनारा बांधकामापासून मोकळा ठेवा. दोनच वर्षांनी त्याच इंदिराजींचे पाहुणे आग्वादला उतरले. मला हा ढोंगीपणा वाटत नाही. त्या पत्राचं पुढे १९९१ च्या किनारा नियमन अधिसूचनेत रूपांतर झालं, आणि आज गोव्याचा जो काही किनारा उघडा आहे, त्यात त्या पत्राचा वाटा आहे. तरी भांडणं संपली नाहीतच. दोना पावलजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर जायची सार्वजनिक वाट एका हॉटेलने अडवल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २००९ साली लोकांच्या बाजूने निकाल लागला आणि त्यानंतर राज्य सरकारने कायदाच बदलायला घेतला. किनारा कुणाचा, हा प्रश्न गोव्यात दर पिढीला नव्याने लढावा लागतो.

तुरुंगाचं आता संग्रहालय झालं आहे, डिसेंबर २०२१ मध्ये उद्‌घाटन झालं. रविवारी चेक-आउट झाल्यावर भावाला विमानाची घाई होती, पण आई अडून बसली. डोंगराला वळसा घालून गेलो. आई कोठड्यांच्या रांगेतून सावकाश फिरली, एका खोलीत आत जाऊन उभी राहिली. चपला बाहेर काढून ठेवल्या होत्या. तिथे तसा नियम नव्हता. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबांना एकदा आणायला हवं होतं रे." भाऊ घड्याळ बघत होता, त्याने ते खिशात टाकलं आणि तोही आत जाऊन उभा राहिला.