इस्पितळातली चौकशीवाली बाई

इस्पितळात डॉक्टर असतात, नर्सबाई असतात, हे आपणा सर्वांना ठाऊकच आहे. पण तेथेच एका टेबलामागे आणखी एक बाई बसलेली असते. तिच्या गळ्यात नळी नाही की हातात सुई नाही. आपण तिला नुसती 'चौकशीवाली' म्हणतो. सरकारी कागदावर तिचा हुद्दा 'समाजसेवा अधीक्षक' असा भारदस्त आहे. आमच्या जाऊबाईंच्या आजारपणात या बाईची किंमत मला कळली, आणि मग ही इस्पितळात आली तरी कशी, हे मी लेकीकडून पुस्तके आणवून वाचले.

१८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री हॉस्पिटलात मेरी स्टुअर्ट या बाईंची नेमणूक झाली, तीही तीन महिने करून पाहू एवढ्या बोलीवर. तेथे उपचार फुकट मिळत, म्हणून ऐपतदारही येऊन बसत. त्यांना हुडकून काढायचे, हे काम. म्हणजे दारावरची पहारेकरीणच म्हणा ना! पण ऐपत विचारायची तर घरात खाणारी तोंडे किती, मिळवते कोण, हेही विचारणे आलेच. अशा बायांचे काम पुढे पैशाच्या चौकशीवरून रोग्याच्या मदतीकडे वळत गेले.

अमेरिकेत सुरुवात डॉक्टरनेच केली. बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलातले डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या ध्यानात आले की, आपण विश्रांती घ्या, चांगले खा असे सांगतो खरे, पण रोग्याच्या घरी ते जमण्याजोगे आहे का, हे आपल्याला कोठे माहीत असते? १९०५ साली त्यांनी गार्नेट पेल्टन या नर्सला या कामावर बसविले. इस्पितळाने पगार दिला नाही, आणि टेबल मिळाले ते बोळात. पेल्टनबाईंना पुढे स्वतःलाच क्षय जडला आणि थोड्याच महिन्यांत काम सोडावे लागले. हे वाचून मी पुस्तक जरा वेळ मिटून ठेवले. त्यांच्या जागी आयडा कॅनन आल्या आणि त्यांनी हे काम १९४५ पर्यंत सांभाळले. हा विभाग आपला आहे, असे मानायला इस्पितळाला १९१९ साल उजाडले.

आपल्याकडे १९३६ साली मुंबईत नागपाड्याला सर दोराबजी टाटांच्या नावाने समाजकार्याची शाळा निघाली. आजची टाटा इन्स्टिट्यूट ती हीच. आणि १९४६ साली जे. जे. रुग्णालयात देशातली पहिली अशी नेमणूक झाली.

आता जाऊबाईंचे सांगते. त्यांना क्षय झाला. पहिल्या खेपेला जेथे दाखविले, तेथे गोळ्या मिळाल्या, दूध-अंडी खा असेही सांगितले. रिकाम्या पोटी गोळी घेतली की त्यांना मळमळे, आणि औषध आणायला गेले की दिवसाचा रोज बुडे. गोळ्या त्यांनी परस्पर बंद केल्या. आम्हां घरच्यांना पत्ताच नाही! पत्र्याच्या डब्यात, डाळीखाली, गोळ्यांची पाकिटे सापडली तेव्हा दुखणे उलटले होते. एका घरात राहून मीसुद्धा कधी विचारले नव्हते, ते मला अजून लागते.

२०१९ साली दुसऱ्या इस्पितळात नेले. तेथल्या चौकशीवाल्या बाईंनी आधी एवढेच विचारले, "ताई, सकाळी गोळीच्या आधी काय खाता?" जाऊबाई म्हणाल्या, "कोरा चहा." आणि रडू लागल्या. मग सगळे बाहेर आले. क्षयाच्या रोग्याला आहारासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देऊ लागले होते (नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० झाले), पण जाऊबाईंचे बँकेत खातेच नव्हते. बाईंनी कोणते कागद लागतात ते लिहून दिले, खाते उघडविले. गोळ्या घराजवळ आशाताईंकडून मिळतील अशी तजवीज केली. डॉक्टरांना मळमळीचे सांगितले ते त्यांनीच. जाऊबाईंची छाती झाली नसती.

दुसऱ्या खेपेचे औषध पुरे झाले. जाऊबाई तो पत्र्याचा डबा त्या बाईंकडे लाडू भरून घेऊन गेल्या. त्यांचेही टेबल जिन्याखाली, बोळातच होते.