धान्याच्या मोबदल्यांत गाणें

विद्यालयाच्या आवारांत गाण्याचा जलसा करावा आणि ऐकावयास येणाऱ्यांकडून तिकिटाच्या पैशांऐवजीं शेर-दोन शेर धान्य घेऊन तें गरजूंच्या घरीं पोंचवावें, ही कल्पना पुष्कळांस परदेशी वाटते. अमेरिकेंतील महाविद्यालयांत ती रूढ आहे खरी. तेथें धान्याऐवजीं डबाबंद अन्न आणतात, इतकेंच. परंतु गाणें आणि धान्य यांची गांठ कशी बांधावी, हें मराठवाड्याला कोणी शिकवावयास नको, असें आम्हांस वाटतें.

हिमायतनगरचेंच पाहा. या गांवाचें जुनें नांव वाढोणा. पैनगंगा ओलांडली कीं विदर्भ लागतो, आणि तेलंगणाची हद्दहि फार दूर नाहीं. अशा या मुलुखांत पहाटे मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव चिपळ्या वाजवीत दारीं येई. घरची बाई सुपांतून पसाभर जोंधळे आणून त्याच्या झोळींत टाकी. गोंधळी संबळ घेऊन येई, त्यालाहि सुगींत खळ्यावरचा वांटा मिळे. ही भीक नव्हती. गाणाऱ्याचा तो हक्क होता, आणि देणारीच्या तोंडावर उपकाराचा आविर्भाव नसे. मात्र तें धान्य गाणाऱ्याच्या स्वतःच्याच चुलीसाठीं असे. दुसऱ्याच्या चुलीसाठीं गाणें ही पुढली पायरी होय.

ती पायरी कीर्तनकारांनीं एका अर्थानें केव्हांच गांठली होती. मंगळवेढ्याचे दामाजीपंत हे बिदरच्या बहामनी राज्यांतले अधिकारी. त्यांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें भुकेल्यांस मोकळीं करून दिलीं, ही कथा शतकानुशतकें कीर्तनांत रंगत आली आहे. तींतील चमत्काराचा भाग क्षणभर बाजूस ठेवला, तरी ऐकणाऱ्याचा हात सैल करण्याचें काम तिनें किती वेळां केलें असेल, याची गणती कोण करणार?

आतां विद्यार्थ्यांकडे वळूं. आज विद्यार्थी हा देणारा, असें आपण धरून चालतों. एके काळीं तो घेणारा होता. पुण्यास माधुकरी मागून, अथवा सात घरीं सात वार लावून शिकलेल्यांच्या कथा आपण ऐकल्याच आहेत. भाऊराव पाटील यांनीं १९१९ सालीं काले येथें रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ सालीं साताऱ्यास वसतिगृह उघडलें. तेथें सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. तें अन्न कोठून येई? गांवोगांवच्या घरांतून मूठ-मूठ निघणाऱ्या धान्यांतून. आणि तेंहि अपुरें पडलें तेव्हां भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनीं आपले दागिने, अखेरीस मंगळसूत्रहि, त्या मुलांच्या पोटासाठीं दिलें. म्हणून महाविद्यालयाच्या आवारांत धान्याचें पोतें उभें राहतें, तेव्हां त्याला आम्ही दान म्हणण्यापेक्षां परतफेड म्हणूं.

मदतीचा प्रयोग मराठी रंगभूमीसहि अपरिचित नाहीं. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनीं एकत्र उभें राहून केलेला 'संयुक्त मानापमान' टिळक स्वराज्य फंडासाठीं होता. पण तो पैसा राष्ट्रकार्याचा. भुकेचा प्रसंग पुढें १९४३ सालीं आला. जपाननें ब्रह्मदेश घेतल्यामुळें तेथला तांदूळ बंद झाला होता, १९४२ च्या वादळानें मिदनापूरचें पीक बुडविलें होतें, आणि युद्धकाळच्या महागाईनें उरलेलें धान्य गरिबाच्या हातीं लागूं दिलें नाहीं. बंगालमध्यें सुमारें तीस लाख माणसें मेलीं, असा अंदाज केला जातो. कलकत्त्याच्या रस्त्यांवर माणसें भातहि मागत नव्हतीं. भाताची पेज तेवढी द्या, म्हणत होतीं. तेव्हां विनय राय यांचें गायकपथक बंगालमधून निघून मुंबईपर्यंत आलें आणि गाऊन मदत मागूं लागलें. आपल्या अण्णा भाऊ साठ्यांनीं 'बंगालची हाक' हा पोवाडा रचला तो याच दुष्काळावर. या मंडळींचें राजकारण कोणास पटो वा न पटो, पेज मागणाऱ्याचा आवाज त्यांनीं इकडे आणून पोंचविला, हें नाकारतां यावयाचें नाहीं.

१ ऑगस्ट १९७१ रोजीं न्यूयॉर्क येथें पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनीं बांगलादेशच्या निर्वासितांसाठीं जलसा केला, तो जगभर गाजला. एका दिवसांत दोन बैठकी झाल्या व सुमारें अडीच लाख डॉलर जमले. परंतु पुढें ध्वनिमुद्रिका व चित्रपट यांपासून आलेला पुष्कळसा पैसा अमेरिकेंतील करखात्याच्या वादांत कित्येक वर्षें अडकून पडला. भुकेला वर्षांची मुदत नसते. संत पौलानें येरुशलेमच्या गरीब बांधवांसाठीं वर्गणी जमविली तेव्हां ती घेऊन जाणारीं माणसें ख्रिस्तमंडळींनींच पसंत करावीं असें ठरविलें होतें, तें उगीच नव्हे.

लगेच १९७२ चा दुष्काळ आला. मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर मिळणारी सुकडी आणि खडी फोडून सोलवटलेले हात या आठवणी मराठवाड्यांत घरोघरीं आहेत. मे १९७३ मध्यें महाराष्ट्रांत सुमारें ४९ लाख माणसें दुष्काळी कामांवर होतीं. या लोकांनीं मागितलें तें काम. व्यासपीठावरून आपलें नांव पुकारून कोणी पिशवी द्यावी, असें त्यांतल्या एकालाहि वाटलें नसेल. १९७७ सालीं रोजगार हमीचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हाच मानीपणा आहे. जलशाचें धान्य ज्याला कुदळ उचलवत नाहीं त्याच्यासाठीं: अंथरुणास खिळलेला, एकटी म्हातारी, बापाविना लेंकरें. आणि तेंहि दिवेलागणीला, गाजावाजा न करितां.

एक अडचण मात्र नवीन आहे. ज्या शिवारांत जोंधळा डोलत असे, तेथें आतां सोयाबीन आणि कापूस. सोयाबीनची रास खळ्यावरून थेट बाजारांत जाते, आणि शेतकऱ्याच्या घरांत रेशनचे गहू-तांदूळ येतात. सुपांतून पसाभर काढावें असें घरचें धान्य फारसें उरलेलें नाहीं. जलशास येणारा मुलगा जोंधळे आणील ते बहुधा वाण्याकडून विकत घेऊन आणील. तेव्हां जो असा जलसा योजील त्यानें गायकांचीं नांवें छापण्याआधीं एवढें ठरवावें कीं, रात्रीं पोतीं कोण उचलणार, धान्य कोण मोजणार, आणि कोणत्या घरचें दार कोण ठोठावणार.