पुण्यातील रुग्णालये आणि संगणकीय वैद्यकीय आदेशपद्धती : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :

कोणते औषध, किती मात्रेत व किती वेळा द्यावे, कोणती तपासणी करावी, हे रुग्णालयात डॉक्टरांच्या आदेशावर ठरते. हा आदेश केसपेपरवर न लिहिता डॉक्टरांनी स्वतः संगणकावर नोंदविणे म्हणजे संगणकीय आदेशपद्धती होय. पुण्यातील डॉक्टरांनी तिचा स्वीकार संथपणे का केला, याचा विचार प्रस्तुत निबंधात केला आहे.

जागतिक पार्श्वभूमी :

१९७१ मध्ये कॅलिफोर्नियातील एल कमिनो रुग्णालयात अशा पद्धतीचा आरंभीचा प्रयोग झाला. बोस्टन येथील एका रुग्णालयात गंभीर स्वरूपाच्या औषधविषयक चुका या पद्धतीमुळे निम्म्याहून अधिक घटल्याचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. याउलट लॉस एंजेलिस येथील सीडर्स-सायनाय रुग्णालयाला डॉक्टरांच्या तीव्र विरोधामुळे २००३ मध्ये नवी पद्धती थांबवावी लागली. यंत्र उपयुक्त असले तरी डॉक्टरांचा वेळ व कामाची रीत यांचा विचार न केल्यास ते टिकत नाही, हा त्यातील बोध होय.

पुण्यातील कार्यपरंपरा :

ससून रुग्णालय (१८६७), के.ई.एम. रुग्णालय (१९१२), रुबी हॉल क्लिनिक (१९५९) व दीनानाथ मंगेशकर रुग्णालय (२००१) ही पुण्याच्या रुग्णसेवेच्या वाटचालीतील काही महत्त्वाची नावे होत. शहरातील अनेक तज्ज्ञ डॉक्टर एकाच दिवशी एकाहून अधिक रुग्णालयांत जातात. राउंडच्या वेळी ते तोंडी सूचना देतात, निवासी डॉक्टर त्या लिहून घेतात आणि परिचारिका त्यांवरून औषधांची मागणी करतात. रुग्णालयांत संगणक आला तो सामान्यतः प्रथम बिलासाठी, नंतर प्रयोगशाळेच्या अहवालांसाठी. आदेशाचा क्रम शेवटी लागला.

याचा परिणाम महत्त्वाचा आहे. रुग्णास एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे किंवा मात्रा अधिक झाली आहे, हा इशारा संगणक देतो तेव्हा पडद्यासमोर बहुधा निर्णय घेणारी व्यक्ती नसते. कनिष्ठ डॉक्टरास किंवा परिचारिकेस वरिष्ठांचा आदेश बदलण्याचा अधिकार नसतो. त्यामुळे इशारा दुर्लक्षित राहण्याची शक्यता वाढते व पद्धतीचा मूळ हेतूच बाजूला पडतो.

नियम आणि मानके :

भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांनी रुग्णांच्या नोंदींचे संगणकीकरण करण्यासाठी प्रयत्न व्हावेत, असे सुचविले. २०१६ च्या दुरुस्तीने औषधांची जेनेरिक नावे सुवाच्य अक्षरांत लिहिण्यावर भर दिला. म्हणजे त्या काळीही नियमकर्त्यांसमोर प्रामुख्याने हस्ताक्षराचाच प्रश्न होता. केंद्र शासनाने इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानके २०१३ मध्ये जाहीर केली व २०१६ मध्ये सुधारली. या मानकांसाठीचे राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्यातील सी-डॅक या संस्थेत आहे. देशभरातील रुग्णालयांच्या संगणकांना समान परिभाषा पुरविण्याचे काम ज्या शहरातून चालते, त्याच शहरात कागदी केसपेपरही टिकून आहे, ही विसंगती लक्षणीय आहे.

सातत्याचा प्रश्नही गंभीर आहे. महाराष्ट्रातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील माहिती प्रणाली करारविषयक वादानंतर २०२२ मध्ये बंद पडली आणि पुन्हा कागदाचा आधार घ्यावा लागला. अशा अनुभवानंतर डॉक्टरांचा नव्या व्यवस्थेवरील विश्वास डळमळणे स्वाभाविक ठरते.

निष्कर्ष :

डॉक्टरांच्या अनुत्साहास केवळ तंत्रज्ञानाची भीती म्हणणे अपुरे आहे. आदेश देणारा व तो नोंदविणारा वेगळा असण्याची परंपरा हे त्यामागील महत्त्वाचे कारण होय. आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा (२०२१) भर विविध आरोग्यसंस्थांतील नोंदी परस्परांशी जोडण्यावर आहे. तथापि मुळातील आदेशच दुसऱ्याच्या हातून नोंदविला गेला, तर जोडलेली नोंदही तितकीच सदोष राहील. म्हणून संगणकांच्या संख्येपेक्षा, धोक्याचा इशारा निर्णय घेणाऱ्या डॉक्टरापर्यंत वेळेत पोहोचतो की नाही, हीच या पद्धतीच्या यशाची खरी कसोटी मानली पाहिजे.