पांढऱ्या ग्रॅफाइटची कुळकथा

ग्राफीनच्या, म्हणजे एका अणूइतक्या जाडीच्या कार्बन-थराच्या, कौतुकात षटकोनी बोरॉन नायट्राइडचं नाव सहसा मागे पडतं. ग्रॅफाइटसारखाच पापुद्र्यांवर पापुद्रे रचलेला हा पदार्थ भुकटीच्या रूपात पांढरा आणि हाताला गुळगुळीत, म्हणून वंगणात आणि सौंदर्यप्रसाधनांत वापरला जातो. १९५७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकच्या रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी प्रचंड दाबाखाली त्याचं हिऱ्याच्या जवळपास कठीण असं घनाकृती रूप घडवलं आणि सगळ्यांचा डोळा त्यावरच खिळला. जपानमध्ये त्सुकुबाच्या राष्ट्रीय पदार्थविज्ञान संस्थेत ताकाशी तानिगुचीही त्याच्याच मागे होते. वातावरणाच्या सुमारे ४०,००० पट दाब, १,५०० अंश सेल्सियसहून अधिक तापमान आणि द्रावक म्हणून बेरियम बोरॉन नायट्राइड, असा हा सगळा खटाटोप. त्यातला बेरियम महत्त्वाचा, कारण तो ऑक्सिजन आणि कार्बन स्वतःकडे ओढून घेतो. अशा द्रावकातून घनाकृती रूपाच्या जोडीने वाढलेले षटकोनी स्फटिकही काचेसारखे नितळ निघाले. कार्बन-ऑक्सिजन शिरलेला स्फटिक ३०० नॅनोमीटरच्या आसपास पसरट प्रकाश देतो. तानिगुची आणि त्यांचे सहकारी केंजी वातानाबे यांच्या २००४ च्या स्फटिकांनी मात्र २१५ नॅनोमीटरला लखलखीत अतिनील प्रकाश दिला. पदार्थ तोच, फरक जन्माच्या परिस्थितीचा.

यावर कुणी म्हणेल, हा तर विद्युतरोधक. ग्राफीनमधल्या इलेक्ट्रॉनांशी त्याचा काय संबंध? संबंध शेजाराचा आहे. ग्राफीन आधी ज्यावर ठेवलं जायचं, त्या सिलिकॉन डायऑक्साइडचा पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यात भार अडकून बसतात आणि ग्राफीनमधले इलेक्ट्रॉन त्यांना अडखळतात. २०१० मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या गटाने ग्राफीन या जपानी स्फटिकांवर ठेवलं, तेव्हा इलेक्ट्रॉनांची गतिशीलता जवळपास दहापट वाढली. २०१८ मध्ये एमआयटीत एकमेकांवर १.१ अंशाने फिरवलेल्या ग्राफीनच्या दोन थरांत अतिसंवाहकता सापडली, तेव्हाही थर याच स्फटिकांत गुंडाळलेले होते. तिथे इलेक्ट्रॉन इतके मंद होतात की त्यांचे आपापसांतले क्षीण व्यवहारच सगळं ठरवतात. अशा वेळी शेजारचे चार भटके भारही ते झाकोळून टाकतात.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. २००७ मध्ये याच त्सुकुबाच्या गटाने निकेलयुक्त द्रावक वापरून साध्या वातावरणीय दाबाखालीही अतिनील प्रकाश देणारे स्फटिक वाढवले. मग एवढ्या दाबाचं कौतुक कशाला? कौतुक दाबाचं नाहीच. द्रावक काय बाहेर ठेवतो, हे खरं कळीचं. त्या शुद्धतेवरच पुढचे प्रयोग उभे राहिले, म्हणून कोलंबिया आणि एमआयटी, दोन्हीकडच्या शोधनिबंधांत वातानाबे आणि तानिगुची यांची नावं सहलेखक म्हणून आहेत. कुणाला ते सौजन्य वाटेल, पण तो त्यांचा हक्क आहे.