जुन्या अ‍ॅनालॉग सिंथेसायझरचे आकर्षण आणि मुंबईतील एक ध्वनिमुद्रिका (१९८२) : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संगीताचा इतिहास हा बऱ्याच अंशी वाद्ययंत्रांचा इतिहास आहे. एखादे यंत्र बाजारात येते, काही वर्षे चालते, नवे यंत्र आल्यावर मागे पडते आणि विस्मृतीत जाते, असा सर्वसाधारण क्रम असतो. अ‍ॅनालॉग सिंथेसायझरच्या बाबतीत मात्र हा क्रम उलटा झालेला दिसतो. १९७० ते १९८४ या काळात तयार झालेली, पुढे कालबाह्य ठरवून अल्प किमतीत विकली गेलेली ही यंत्रे इलेक्ट्रॉनिक संगीतकार आज मोठी किंमत मोजून मिळवतात. संगणकावर तोच ध्वनी सहज उपलब्ध असताना हे आकर्षण का टिकून आहे, या प्रश्नाचे उत्तर सामान्यतः युरोप-अमेरिकेतील उदाहरणांवरून दिले जाते. प्रस्तुत शोधनिबंधात त्याच प्रश्नाचा विचार मुंबईत १९८२ साली ध्वनिमुद्रित झालेल्या 'सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट' या चरणजित सिंग यांच्या ध्वनिमुद्रिकेच्या आधारे केला आहे. या ध्वनिमुद्रिकेला आज जगभर मान आहे. परंतु तो ज्या कारणासाठी दिला जातो ते कारण तपासून पाहणे आवश्यक आहे.

यंत्राचे स्वरूप :

अ‍ॅनालॉग सिंथेसायझरमध्ये ध्वनी साठवलेला नसतो. तो त्या क्षणी विद्युतप्रवाहातून निर्माण होतो. ऑसिलेटर हा घटक कंपने निर्माण करतो, फिल्टर त्यातील उच्च स्वरांश कमीअधिक करतो आणि विद्युतदाबाच्या चढउतारावर या दोहोंचे नियंत्रण चालते. रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये हे तत्त्व प्रत्यक्ष वाद्यात उतरवले आणि १९७० च्या मिनीमूगमुळे ते वादकाला उचलून नेता येईल अशा आकारात आले. विद्युतदाब तापमानाने बदलतो, म्हणून वाद्य तापले की स्वर किंचित ढळतो. रोलँड कंपनीच्या १९८१ च्या ज्युपिटर-८ या यंत्रात एकूण सोळा ऑसिलेटर होते आणि ते सर्व पुन्हा सुरात आणण्यासाठी एक स्वतंत्र बटणच दिलेले होते. मैफलीत तंबोरा पुन्हा पुन्हा मिळवून घेणाऱ्या गायकाला यात नवल वाटणार नाही. तंबोऱ्याच्या तारा अगदी यांत्रिक अचूकतेने जुळल्या तर त्यांतील जिवंतपणा हरवतो. ज्युपिटर-८ चे दोन ऑसिलेटर एकमेकांपासून केसभर ढळलेले असतात तेव्हा जो भरदार नाद उमटतो, त्यामागील कारणही याच जातीचे आहे.

१९८३ मध्ये यामाहा कंपनीचा डीएक्स-७ हा अंकीय सिंथेसायझर आला आणि दीड लाखाहून अधिक संख्येने खपला. तो सुरातून ढळत नव्हता, वजनाला हलका होता आणि त्यात तयार ध्वनी साठवलेले होते. मात्र जुन्या यंत्रांवर प्रत्येक क्रियेसाठी असलेल्या घुंड्या व सरकपट्ट्या त्याच्यावर जवळजवळ नव्हत्या. ध्वनी 'निवडणे' सोपे झाले आणि वाजवता वाजवता तो 'घडवणे' अवघड झाले. जुन्या यंत्राच्या आकर्षणाचे मूळ केवळ ध्वनीच्या उबदारपणात शोधणाऱ्यांचे या बदलाकडे काहीसे दुर्लक्ष होते.

मुंबईतील पूर्वपीठिका :

परदेशी यंत्र आपल्या संगीतात मुरवून घेण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. संगीत नाटकाने ऑर्गन आपलासा केला. गोविंदराव टेंबे यांच्यासारख्या कलावंताने हार्मोनियमला मैफलीत प्रतिष्ठा मिळवून दिली. परभणी जिल्ह्यात, संत जनाबाईंच्या गंगाखेड परिसरातील भजनात, पखवाज व टाळांच्या जोडीला पेटी असते आणि ती मूळची युरोपीय आहे याची आठवणही कोणास होत नाही. तथापि याच पेटीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये बंदी घातली होती आणि ती १९७० च्या दशकात शिथिल झाली. पेटीचे स्वर ठरीव असतात, दोन स्वरांमधील मींड तिच्यातून निघत नाही, हा आक्षेप त्यामागे होता. सिंथेसायझरचा भारतीय इतिहास समजून घेताना हा आक्षेप ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

विद्युतवाद्यांचा प्रवेश प्रथम चित्रपटसंगीतात झाला. 'नागिन' (१९५४) या चित्रपटातील सर्वपरिचित पुंगी ही पुंगी नव्हती. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लॅव्हियोलिन या विद्युतवाद्यावर वाजवली होती. पुढे मूग सिंथेसायझर हिंदी चित्रपटसंगीतात आणण्याचे श्रेय केरसी लॉर्ड (१९३५-२०१६) यांना दिले जाते. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग यंत्राचा स्टुडिओ उभा राहिला आणि तेथे काही वर्षे प्रयोग झाले. त्या ध्वनिफिती २०१७ मध्ये पॉल पर्गस यांच्या हाती लागल्या आणि त्यांतील निवडक भाग २०२३ मध्ये प्रकाशित झाला. अहमदाबादचा प्रयोग संस्थेच्या आश्रयाने झाला आणि संग्रहात सुरक्षित राहिला. मुंबईत मात्र हे काम पोटासाठी वाजवणाऱ्या वादकांनी केले. चित्रपटगीताच्या तबकडीवर संगीतकाराचे, गायकाचे, गीतकाराचे नाव असे. वादकाचे बहुधा नसे.

चरणजित सिंग (१९४०-२०१५) हे अशा वादकांपैकी एक. बेस गिटार, हवाईयन गिटार आणि ट्रान्झिकॉर्ड हे विद्युत-अ‍ॅकॉर्डियन ते वाजवीत. शंकर-जयकिशन, राहुलदेव बर्मन, लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांच्या वाद्यवृंदांत त्यांनी काम केले. लग्नसमारंभांतूनही ते वाजवीत असत आणि चित्रपटगीतांच्या वाद्यसंगीताच्या तबकड्याही त्यांनी काढल्या होत्या. सिंगापूर येथून त्यांनी रोलँडची तीन यंत्रे आणली : ज्युपिटर-८, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ हे बेसयंत्र. या वेळी भारतात डिस्कोची लाट होती. 'कुर्बानी' (१९८०) मधील नाझिया हसन यांचे गाणे आणि त्यानंतर १९८२ मधील 'डिस्को डान्सर' यांनी तो ठेका खेडोपाडी पोचवला होता.

दहा राग :

ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडियाने काढलेल्या या ध्वनिमुद्रिकेत भैरवी, ललित, भूपाळी, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस आणि बैरागी असे दहा राग आहेत. प्रत्येकाचा अवधी साधारण पाच मिनिटांचा आहे. पहाटेचा ललित, सायंकाळचा यमन आणि रात्रीचा मालकंस हे सर्व एकाच ठेक्यावर येतात. समयसिद्धांत मानणाऱ्या रसिकास हे खटकेल; डिस्कोला अर्थात प्रहर एकच असतो.

रागांची निवड मात्र विचारपूर्वक झालेली दिसते. भूपाळी, कलावती, मालकंस आणि बैरागी हे चारही औडव, म्हणजे पाच स्वरांचे राग आहेत. टीबी-३०३ मध्ये सोळा मात्रांच्या चौकटीत एकेक स्वर भरून एक आकृतिबंध तयार करावा लागतो आणि तो पुन:पुन्हा वाजत राहतो. पाच स्वरांचा राग अशा चौकटीत सहज बसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, पाश्चात्त्य लोकप्रिय संगीतात बेसचे वाद्य स्वरसंघातांच्या बदलाबरोबर आधारस्वर बदलते, तर रागसंगीतात षड्ज अचल असतो. यंत्राचा बेस एकाच षड्जाभोवती फिरत ठेवून आणि त्यावर ज्युपिटर-८ वर आलाप व ताना वाजवून चरणजित सिंग यांनी तंबोऱ्याचे काम बेसकडे आणि तबल्याचे काम टीआर-८०८ कडे सोपवले. या रचनेत स्वरसंघात बदलण्याची गरजच उरत नाही.

दुसरा मुद्दा मींडेचा. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय आहे. ज्युपिटर-८ मध्येही स्वर सरकवण्याची यंत्रणा आणि स्वर वाकवण्याची दांडी आहे. म्हणजे ज्या कारणासाठी पेटी आकाशवाणीबाहेर राहिली, ते कारण या यंत्रांना जसेच्या तसे लागू होत नव्हते. हा मुद्दा ताणू नये. पट्ट्यांचे स्वर समान अंतराचेच होते. तोडीचा अतिकोमल गांधार किंवा ललितमधील दोन मध्यमांचे सूक्ष्म नाते या ध्वनिमुद्रिकेत शोधणाऱ्याची निराशाच होईल. येथे मींड आहे, श्रुती नाही. परंतु बारा स्वरांच्या पट्ट्यांमधून जी वाट काढता येत होती ती वादकाने काढली, आणि ती वाट अंकीय ध्वनिसंचातून नव्हे तर सलग बदलणाऱ्या विद्युतदाबातून जात होती. भारतीय संगीतकाराला अ‍ॅनालॉग यंत्राचे आकर्षण वाटण्याचे हे स्वतंत्र कारण आहे आणि त्याचा जुन्या काळाच्या ओढीशी काही संबंध नाही. १९८२ मध्ये ही यंत्रे जुनी नव्हतीच.

ध्वनिमुद्रिकेला बाजारात फारसा प्रतिसाद मिळाला नाही. शास्त्रीय संगीताच्या श्रोत्याला ती डिस्को वाटली असावी आणि डिस्कोच्या श्रोत्याला शास्त्रीय.

अपयशी यंत्राची फेरप्रतिष्ठा :

टीबी-३०३ या यंत्राचेही तेच झाले होते. तादाओ किकुमोतो यांनी ते एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बेसची साथ मिळावी म्हणून तयार केले. त्याचा ध्वनी बेस गिटारसारखा नव्हता, आणि स्वर व लय वेगवेगळे भरावे लागत असल्याने ते किचकट होते. १९८१ ते १९८४ या काळात सुमारे दहा हजार यंत्रे तयार होऊन उत्पादन बंद झाले. टीआर-८०८ ची संख्या सुमारे बारा हजार. त्याच्या खास खरखरीत ध्वनीसाठी सदोष म्हणून बाजूला काढलेले ट्रान्झिस्टर मुद्दाम वापरले जात; उत्पादनतंत्र सुधारले, सदोष ट्रान्झिस्टर मिळेनासे झाले आणि ते यंत्रही १९८३ मध्ये थांबले.

दुकानांतून स्वस्तात मिळणारी ही वापरलेली यंत्रे शिकागो व डेट्रॉइट येथील तरुण कृष्णवर्णीय संगीतकारांच्या हाती पडली, कारण नवी यंत्रे त्यांना परवडत नव्हती. १९८७ मध्ये फ्यूचर या शिकागोच्या त्रयीने 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' ही रचना काढली. टीबी-३०३ चा आकृतिबंध चालू ठेवून फिल्टरच्या घुंड्या फिरवत राहणे, हाच तिचा सुमारे अकरा मिनिटांचा आशय होता. येथून 'अ‍ॅसिड हाउस' हा प्रकार रूढ झाला. त्यानंतर टीबी-३०३ ची मागणी वाढली, किमती वाढल्या, संगणकीय प्रतिकृती आल्या, २०१६ मध्ये रोलँडने स्वतःच अंकीय प्रतिकृती काढली आणि २०१९ मध्ये बेरिंजर कंपनीने स्वस्त अ‍ॅनालॉग प्रत बाजारात आणली. प्रतिकृती इतक्या झाल्या तरी मूळ यंत्राची किंमत उतरली नाही. यात संग्राहकवृत्तीचा भाग मोठा आहे, हे मान्य केले पाहिजे.

'आद्य' या विशेषणाचा प्रश्न :

२००२ मध्ये एडो बाउमन या डच संग्राहकाला दिल्लीत चरणजित सिंग यांची तबकडी मिळाली आणि २०१० मध्ये त्यांनी ती पुनःप्रकाशित केली. तीच तीन यंत्रे, तोच घसरणारा बेस, आणि साल शिकागोच्या आधीचे. हा एखाद्या आधुनिक संगीतकाराने रचलेला बनाव असावा, अशी शंकाही काहींनी घेतली. ती फिटल्यानंतर चरणजित सिंग यांना 'अ‍ॅसिड हाउसचे जनक' म्हटले जाऊ लागले.

हे विशेषण ऐतिहासिकदृष्ट्या टिकत नाही. जनकत्वासाठी वंश असावा लागतो. मुंबईची ही ध्वनिमुद्रिका शिकागोच्या संगीतकारांनी ऐकली होती असा कोणताही पुरावा नाही. दोन्हींमधील साम्य यंत्रातून आलेले आहे. एकाच यंत्रात एकाच षड्जाभोवती फिरणारा आकृतिबंध भरला की ध्वनी सारखा येणारच. फरक मात्र मूलभूत आहे. शिकागोच्या रचनेत यंत्राचा ध्वनी हाच विषय आहे आणि त्यावर राग-रूपाचे कोणतेही बंधन नाही. मुंबईच्या रचनेत यंत्र साथीला आहे आणि विषय राग आहे. चरणजित सिंग यांना केवळ 'पहिले' म्हणून मोठे ठरवण्यात त्यांचा सन्मान आहे खरा, पण मोजपट्टी दुसऱ्याची आहे. त्या मोजपट्टीत दहा रागांची नावे गौण ठरतात, आणि या वादकाने वाद्यवृंदात बसून मिळवलेली तयारीही गौण ठरते. याउलट, ही केवळ योगायोगाची गंमत आहे म्हणून ती बाजूला सारणाऱ्यांचे म्हणणेही स्वीकारता येत नाही. यंत्राच्या निर्मात्याने न योजलेला उपयोग एका भारतीय वादकाने आपल्या संगीताच्या गरजेतून शोधला, ही गोष्ट अ‍ॅसिड हाउस जन्मले नसते तरी तितकीच खरी राहिली असती.

पुनःप्रकाशनानंतर चरणजित सिंग यांनी सत्तरीत युरोपात जाऊन या रचना प्रत्यक्ष सादर केल्या. ५ जुलै २०१५ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. ज्यांनी त्यांना बोलावले ते श्रोते रागसंगीताचे नव्हते, नृत्यगृहांचे होते. महाराष्ट्रातील संगीत महोत्सवांनी किंवा विद्यापीठांच्या संगीत विभागांनी या ध्वनिमुद्रिकेची फारशी दखल घेतलेली दिसत नाही. मराठवाड्यात लग्नाच्या ऑर्केस्ट्रातील कोणत्याही कीबोर्डला आजही 'कॅसिओ' म्हणतात, तो वाजवणाऱ्याचे नाव पत्रिकेवर येत नाही, आणि त्याने वाजवलेले जपूनही ठेवले जात नाही. टीबी-३०३ मध्ये भरलेले आकृतिबंधही बॅटरी संपली की पुसले जातात. त्यामुळे १९८२ च्या त्या दहा रचनांसाठी अभ्यासकाच्या हाती यंत्र येऊन उपयोग नाही. तबकडीच काय ती साधन म्हणून उरते.