बागेतील लहान सस्तन प्राणी (वाटूर परिसर)

वाटूर (ता. परतूर, जि. जालना) हा काळ्या मातीचा, कापूस-तुरीचा आणि मोसंबीच्या बागांचा मुलूख. अशा भागात परसबागेत चिचुंद्री, घूस, उंदीर, खार आणि मुंगूस हे प्राणी प्रामुख्याने वावरतात. यांपैकी चिचुंद्री विनाकारण मारली जाते, म्हणून तिची ओळख आधी.

चिचुंद्री (सुंकस म्युरिनस): लिनीअसने १७६६ मध्ये शास्त्रीय वर्णन केले. उंदरासारखी दिसली तरी ती कृंतक गणातील नव्हे. लांब हलते नाकाड, बारीक डोळे आणि बुडाशी जाड शेपटी या तिच्या खुणा. भिंतीच्या कडेने चिरकत धावते. अंगाच्या बाजूंवरील ग्रंथींमुळे तिला उग्र दर्प येतो. मांजर तिला मारते, पण सहसा खात नाही. झुरळे, किडे, अळ्या व गांडुळे हे तिचे मुख्य खाद्य. मुळे, कंद किंवा ठिबकच्या नळ्या ती कुरतडत नाही. धोका जाणवला की पिल्ले एकमेकांना दातांनी धरून आईमागे माळेने चालतात. हे दृश्य एकदा तरी पाहावे असे आहे. उंदराला उलटी होत नाही, चिचुंद्रीला होते. त्यामुळे उलटीवरील औषधांच्या संशोधनात तिचा १९८० च्या दशकापासून उपयोग होत आला आहे.

तिच्या अंगावरही पिसवा असतात आणि मूत्रातून लेप्टोस्पायरोसिसचे जंतू पसरू शकतात. म्हणून मेलेली चिचुंद्री उघड्या हाताने उचलू नये.

घूस: खरी नासधूस हिची. बिळाच्या तोंडाशी ताज्या मातीचा ढीग दिसला आणि तोंड मातीने बुजवलेले असले, की लहान घूस (बँडिकोटा बेंगालेन्सिस) ओळखावी. ती बिळात धान्य साठवते आणि बांध पोखरते. मोठ्या घुशीचे वजन किलोभर भरू शकते.

उंदीर: प्लेगच्या प्रसाराशी याचा संबंध जोडला जातो. शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावी ऑगस्ट १९९४ मध्ये प्लेगसदृश साथ उद्भवली, सप्टेंबरमध्ये सुरतेत रुग्ण आढळले. निदानाविषयी तेव्हा मतभेद झाले. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर पडून राहिलेल्या धान्यामुळे उंदीर वाढले, असेही एक अनुमान मांडले गेले. उंदीर मारण्यासाठी झिंक फॉस्फाईडचे विषारी आमिष उघड्यावर ठेवल्यास कुत्री, मांजरे व पक्षीही दगावतात. ते ठेवायचेच तर वापरातल्या बिळातच ठेवावे. गव्हाणी घुबड मुख्यतः उंदरांवरच जगते. त्याला हुसकावणे तोट्याचे.

खार: फळे व ठिबकच्या नळ्या कुरतडते.

मुंगूस: उंदीर, किडे आणि साप खाते, क्वचित कोंबडीची पिल्लेही पळवते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली त्याला संरक्षण आहे. त्याच्या केसांचे रंगाचे कुंचले विकणे हाही गुन्हा आहे.