खेळातल्या गोळीची कुळकथा

ज्वारी हुरड्यात आली की केडगावच्या रानात माच्यावर उभा राहणारा राखणदार गोफणीचा नेम कधी थेट पाखरांवर धरत नसे. थवा जितका लांब, तितका गुंडा उंच सोडायचा. वाटेत तो खाली येणारच, हे त्याच्या मनगटाला ठाऊक होतं. आज त्याच केडगावच्या स्टेशनावर पुण्याच्या गाडीची वाट बघत पोरं मोबाइलवर ‘बीजीएमआय’ हा बंदुकांचा खेळ खेळतात आणि लांबचा गडी टिपायचा असेल तर नेम त्याच्या डोक्याच्या वर धरतात. खेळातली गोळी अशी खाली यायला शिकली, ती मात्र बऱ्याच उशिरा.

खरं तर हे गणित जुनं. फेकलेली वस्तू परवलयात जाते, हे गॅलिलिओने 1638 साली छापून मांडलं. इंग्लंडच्या बेंजामिन रॉबिन्सने 1742 मध्ये टांगत्या लोलकावर गोळ्या झाडून त्यांचा वेग मोजला आणि हवा गोळीला किती अडवते हे दाखवलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेला तोफांचे तक्ते हवे होते. गोळ्याचा एक मार्ग टेबलावरच्या आकडेमोडीच्या यंत्राने काढायला माणसाला सुमारे 20 तास लागत. त्यासाठी बांधलेला ‘एनियाक’ हा संगणक 1946 मध्ये जगासमोर आला. त्याला तेच काम अर्ध्या मिनिटात जमलं.

म्हणजे हा संगणक बांधला गेला तोच गोळ्याचा मार्ग काढायला. पण खेळात नेमकं तेच वगळलं गेलं.

डिसेंबर 1993 मध्ये आलेल्या ‘डूम’ या संगणकावरच्या खेळात पिस्तुलातून काही सुटतच नसे. चाप ओढला की संगणक एक सरळ रेघ मारी आणि रेघेत सापडलेला राक्षस त्याच क्षणी घायाळ होई. याला ‘हिटस्कॅन’ म्हणतात. ना वारा, ना वजन, ना वेळ. त्या काळच्या यंत्रांना ते स्वस्त पडे. ‘डूम’ने एक दार मात्र उघडं ठेवलं. चित्रं, आवाज, नकाशे वेगळ्या ‘वॅड’ फायलीत होते, त्यामुळे ते खेळणाऱ्याला बदलता येत. पुढे हौशी लोकांनी शस्त्रांच्या आकड्यांनाही हात घातला. अशा फेरफाराचं नाव ‘मॉड’. 1999 चं ‘काउंटर-स्ट्राइक’ हे ‘हाफ-लाइफ’चं असंच मॉड. त्यात प्रत्येक बंदुकीची किंमत वेगळी, धक्का वेगळा. गोळी मात्र अजून रेघच.

रेघ मोडली ती प्रागच्या बोहिमिया इंटरॅक्टिव्हच्या 2001 मधल्या ‘ऑपरेशन फ्लॅशपॉइंट’सारख्या खेळांत. तिथे गोळीला वेग मिळाला, वाटेत वेळ लागू लागला. त्याच घराण्यातल्या ‘आर्मा’त गोळीचा सुरुवातीचा वेग आणि हवेचा अडथळा हे साधे आकडे होऊन बसले, आणि मॉड करणारे ते खऱ्या बंदुकींशी ताडून भरू लागले. एकेएम रायफलीची गोळी सेकंदाला 715 मीटर वेगाने सुटते. पुण्याच्या पाषाणमधल्या ‘एआरडीई’ या शस्त्रसंशोधन संस्थेत आखलेल्या इन्सास रायफलीची 5.56 मिलिमीटरची गोळी सुमारे 900 मीटरने. हवा बाजूला ठेवली तरी 300 मीटरवर पहिली जवळपास 86 सेंटिमीटर खाली येते, दुसरी 54. मधली ही वीतभराहून जास्त तफावत चित्रकाराने काढलेली नाही, ती आकड्यांतून येते. बंदुकांचं वैविध्य खऱ्या अर्थाने सुरू झालं ते इथे.

2012 मध्ये ‘आर्मा 2’वर ‘डेझी’ हे मॉड आलं. त्यावर ब्रेंडन ग्रीनने ‘बॅटल रॉयल’ बेतलं, त्यातून 2017 चं ‘पबजी’ निघालं आणि त्याची भारतीय आवृत्ती ‘बीजीएमआय’ जुलै 2021 मध्ये आली. कंपन्यांनी चौकट दिली. हौशींनी आकडे भरले आणि खेळाला नवं वळणही दिलं. केडगावच्या फलाटावर नेम वर धरणारं पोर त्या हौशींचं देणं लागतं. राखणदाराला मात्र हे सारं फुकट मिळालं होतं, कारण त्याच्या रानात गुंडा कधीच सरळ गेला नाही.